सुई सोडल्यानंतर

आजचा विषय पुष्कळ घरांत शिरलेला आहे, परंतु कोणत्याच घरात तो उघडपणे बोलला जात नाही. मुलगा व्यायाम करतो, अंग कमावतो, याचा आईबापांस अभिमान वाटतो. आणि तो वाटावा हे योग्यच आहे. परंतु हे अंग केवळ मेहनतीने व दुधा-अंड्यांनी भरले आहे की त्यामागे एखादी सुई आहे, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. आले तरी धीर होत नाही. सुईने काय होते याविषयी थोडेबहुत छापून येते. सुई सोडल्यावर काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही; आणि खरा कसोटीचा काळ तोच होय. मी वैद्य नव्हे. जुनी मॅट्रिक होऊन पुढे सारे आयुष्य शाळेत मुले शिकविलेला मनुष्य आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की त्यात मी स्वतः एक चूक केली, आणि ती समजून घेण्यासाठी मला पुष्कळ वाचावे व जाणत्यांना विचारावे लागले.

मी नव्या पेठेत राहतो. तेथे कापडाच्या दुकानांच्या ओळीच्या ओळी आहेत, हे सोलापूरकरांस सांगावयास नको. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका दुकानात कामास होता. शाळेत असताना तो काडीसारखा होता व पोरे त्याला त्यावरून चिडवीत. चोविसाव्या वर्षी तो संध्याकाळचा जिममध्ये जाऊ लागला आणि आठ-नऊ महिन्यांत त्याचे दंड सदऱ्याच्या बाहीत मावेनात. मला कौतुक वाटले. पुढे त्याच्या पाठीवर व खांद्यांवर मोठाल्या पुटकुळ्या आल्या, स्वभाव चिडखोर झाला, आणि एके दिवशी त्यानेच मजपाशी कबूल केले, "गुरुजी, मी सुया घेतो. गोळ्याही घेतो." मी त्याला समोर बसवून तासभर सुनावले. मुलगा गुणी. त्याने त्याच दिवशी सर्व काही टाकून दिले, आणि आपण एक पोर वाचविले अशा समाधानात मी राहिलो.

तीन महिन्यांनी त्याची आई दारात उभी. "गुरुजी, पोरगं दहा-दहा वाजेपर्यंत अंथरुणातून उठत नाही. दुकानात जात नाही, धड जेवत नाही, बोलत नाही. लग्नाचं काढलं की तोंड फिरवतो. तुमचं ऐकतो तो, तुम्हीच काय ते सांगा." मी त्याला बोलावून पुन्हा सुनावले, या वेळी आळसाबद्दल. "अरे, एवढीशी जिद्द नाही का तुझ्यात?" असे मी म्हणालो. त्याने मान खाली घालून सारे ऐकून घेतले, आणि आठवडाभरात पुन्हा सुई धरली. मी ज्याला आळस म्हणालो तो आळस नव्हता. तो रक्तात मोजता येणारा एक अभाव होता. तो कसा उत्पन्न होतो, हेच आज सांगावयाचे आहे.

खोंडाला खच्ची केले म्हणजे त्याचा बैल होतो, त्याची मस्ती उतरते, मानेचे वशिंड पूर्वीसारखे वाढत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. यामागचे शास्त्र १८४९ साली जर्मनीतील गटिंगन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ट या प्राध्यापकाने कोंबड्यांवर प्रयोग करून उकलण्यास आरंभ केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो व आरव मंदावतो. परंतु तेच वृषण पोटात दुसऱ्या जागी बसविले तर तुरा पुन्हा तरारतो, असे त्याला आढळले. म्हणजे वृषणांतून असे काही रक्तात मिसळते की ज्याचा परिणाम साऱ्या देहावर होतो. अशा रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांस आपण अंतःस्राव किंवा सर्रास हार्मोन म्हणतो. हे विशिष्ट द्रव्य १९३५ साली ॲमस्टरडॅम येथे शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले व त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव मिळाले. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही करता आले. त्या कामाशी संबंधित असलेल्या बुटेनान्ट व रुझिच्का या दोघा रसायनशास्त्रज्ञांना १९३९ सालचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले. शरीरसौष्ठवासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडे म्हणजे हे टेस्टोस्टेरॉन, किंवा त्यातच थोडाफार फेरफार करून बनविलेले त्याचे भाऊबंद.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दम्याच्या फवाऱ्यात, संधिवातात किंवा करोनाच्या साथीत डॉक्टरांनी जी स्टेरॉइडे दिली, ती या कुळातील नव्हेत. ती मूत्रपिंडाच्या माथ्यावर असणाऱ्या ग्रंथीच्या स्रावाच्या जातीची असतात. त्यांनी स्नायू फुगत नाहीत, उलट फार दिवस घेतल्यास ते झिजतात. तेव्हा आजचे भाषण ऐकून कोणी आपल्या दम्याचे औषध बंद करू नये. तीही औषधे एकाएकी सोडणे धोक्याचे असते, आणि ती कमी करावयाची तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाची असतात.

आता प्रश्न असा की या सुयांनी अंग खरोखरच भरते काय? भरते. मुलांना "याने काहीच होत नाही" असे सांगू नये, कारण ते खोटे आहे, आणि शेजारच्या आरशात त्यांना ते खोटे दिसते. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे, उपचारासाठी नेहमी देतात त्याच्या सुमारे सहापट टेस्टोस्टेरॉन टोचण्यात आले. ज्यांनी व्यायामही केला त्यांचे चरबीखेरीजचे वजन सरासरी सहा किलोंनी वाढले. ज्यांनी केवळ व्यायाम केला त्यांचे सुमारे दोन किलोंनी. आणि ज्यांनी काही व्यायाम न करता नुसती सुई घेतली त्यांचेही तीन किलोंहून अधिक वाढले! मोह उत्पन्न होतो तो या आकड्यांमुळे.

हा मोह जुना आहे. १९५८ साली सिबा या औषध कंपनीने मेथॅन्डिएनोनच्या गोळ्या डायनाबोल या नावाने बाजारात आणल्या, आणि थोड्याच वर्षांत त्या वजन उचलणाऱ्यांच्या व शरीरसौष्ठवपटूंच्या खिशांत जाऊन बसल्या. ऑलिंपिकमध्ये अशा द्रव्यांची तपासणी १९७६ साली माँट्रियल येथे प्रथम झाली. १९८८ साली सेऊल येथे शंभर मीटरची शर्यत जिंकणाऱ्या बेन जॉन्सनचे सुवर्णपदक स्टॅनोझोलॉलपायी गेले. आपल्या महाराष्ट्रालाही या प्रकरणाची झळ लागली आहे. महाराष्ट्र केसरीचा मान तीन वेळा मिळविणारे नरसिंग यादव २०१६ साली रिओ ऑलिंपिकला निघाले असता त्यांच्या नमुन्यात हेच मेथॅन्डिएनोन आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते व देशातील समितीने ते मान्यही केले. परंतु आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते न स्वीकारता त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. मेथॅन्डिएनोन हे नाव त्या दिवसांत मराठी घराघरांत पोहोचले. परंतु माझ्या विद्यार्थ्यासारखी जी मुले कोणत्याही स्पर्धेत उतरत नाहीत, केवळ आरशासाठी किंवा मित्रांच्या शेऱ्यांसाठी सुया घेतात, त्यांचे नमुने कोणी तपासत नाही. त्यांच्यावर नजर ठेवावयाची ती घराने.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. ती सोलापूरच्या माणसाला मागाच्या भाषेत सांगणे सोपे. चादरीचा एक कारखाना कल्पा. पेढीवर मालक बसला आहे आणि कोठारात माल किती उरला यावर त्याची सारखी नजर आहे. माल कमी दिसला की तो मुकादमाला निरोप धाडतो. मुकादम विणकरांना कामास लावतो. माग चालतात व कोठार भरते. भरले की मालकाचा निरोप थांबतो. आपल्या शरीरात मालक म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग. मुकादम म्हणजे त्याच्या खाली लोंबणारी, वाटाण्याएवढी पियूषिका ग्रंथी. माग म्हणजे वृषण, आणि कोठार म्हणजे रक्त. मुकादमाचे हुकूम दोन प्रकारचे असतात: एलएच नावाच्या हुकमाने टेस्टोस्टेरॉन तयार होते, आणि एफएसएच नावाच्या हुकमाची जोड मिळून पुरुषबीजे तयार होतात.

आता कोणी बाहेरून गाड्याच्या गाड्या तयार माल आणून कोठारात ओतू लागला तर काय होईल? मालक पाहील की कोठार ओसंडून वाहते आहे. तो निरोप धाडावयाचा बंद होईल, मुकादम हातावर हात ठेवून बसेल, माग थांबतील. सुई घेणाऱ्याच्या देहात नेमके हेच होते. त्याचे वृषण काम नसल्यामुळे आकसतात. पुरुषबीज तयार होण्यास वृषणांच्या आत टेस्टोस्टेरॉनचे जे मोठे प्रमाण लागते, ते रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पट असते व बाहेरच्या सुईने ते मिळत नाही. म्हणून पुरुषबीजांची संख्या घटत घटत पुष्कळदा शून्यावर येते. ज्या द्रव्याला लोक पौरुषाचे द्रव्य समजतात, त्याच द्रव्याच्या सुया पुरुषांसाठी संततिनियमनाचे साधन म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने तपासून पाहिल्या आहेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मग एके दिवशी बाहेरचा माल बंद होतो. कोठार काही आठवड्यांत रिकामे होते. परंतु माग त्याच सकाळी सुरू होत नाहीत! मालकाला कोठार रिते झाल्याचे उमगले पाहिजे, मुकादमाने माणसे जमविली पाहिजेत, गंजलेल्या मागांना तेल घातले पाहिजे. या मधल्या काळात तरुणाच्या रक्तात परके टेस्टोस्टेरॉनही नसते आणि स्वतःचेही नसते. त्याची शक्ती जाते, झोप बिघडते, कामेच्छा मावळते, कमावलेले अंग डोळ्यांदेखत ओसरते, आणि मनावर अशी उदासीनता पसरते की काहींच्या मनात जीव देण्याचेही विचार येतात. सुई पुन्हा धरली की हे सारे आठवड्या-दोन आठवड्यांत नाहीसे होते. म्हणूनच माणूस पुन्हा सुईकडे वळतो. तेथे त्याला "जिद्द नाही" म्हणणे, म्हणजे ताप आलेल्याला थरथरू नकोस म्हणण्यासारखे आहे. मी नेमके तेच केले होते.

हा काळ किती लांबतो? संततिनियमनाच्या निमित्ताने झालेल्या तीस प्रयोगांतील पंधराशेहून अधिक पुरुषांची माहिती २००६ साली एकत्र मांडण्यात आली. औषध थांबविल्यावर पुरुषबीजांची संख्या समाधानकारक पातळीवर येण्यास मध्यम मानाने साडेतीन महिन्यांच्या आसपास लागले. सहा महिन्यांत शंभरांपैकी सदुसष्ट जण सावरले, वर्षभरात नव्वद, आणि दोन वर्षांच्या आत सारे. ही आशेची बाजू. परंतु ते निरोगी पुरुष होते, मात्रा मोजकी होती, देखरेख डॉक्टरांची होती. व्यायामशाळेत याच्या अनेकपट मात्रा, दोन-तीन द्रव्ये एकत्र करून, वर्षानुवर्षे घेतल्या जातात. डेन्मार्कमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सुया सोडून सरासरी अडीच वर्षे झालेल्या पुरुषांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन अजूनही कमीच आढळले. थोडक्यात, बहुतेक सावरतात, सावकाश सावरतात, आणि काही पूर्ण सावरत नाहीत. कोण कोणत्या गटात पडेल, हे आधी सांगता येत नाही.

इतर दुष्परिणामांचेही असेच दोन वर्ग पाडता येतात. पुटकुळ्या, चिडखोरपणा, रक्त दाट होणे, रक्तदाब वाढणे, रक्तातील हितकर चरबी घटणे, ही बहुधा सुटल्यावर ओसरतात. परंतु जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात स्त्रीद्रव्यात रूपांतरित होतो व त्याने छातीत जी गाठ धरते, ती वर्षभर राहिली तर पुढे औषधाने जात नाही. शस्त्रक्रिया करावी लागते. गोळ्यांच्या रूपाने घेतलेल्या प्रकारांचा मारा यकृतावर होतो. कावीळ होते, क्वचित यकृतात रक्ताच्या पोकळ्या किंवा गाठी होतात. हृदयाची गोष्ट अधिक गंभीर आहे. अमेरिकेत १४० वजन उचलणाऱ्यांच्या २०१७ सालच्या तपासणीत, सुया घेणाऱ्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती न घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी भरली. ज्यांनी सोडले होते त्यांची काहीशी सुधारलेली होती. परंतु रक्तवाहिन्यांत जमलेला थर, जितकी वर्षे घेतले तितका अधिक होता. ज्यांची उंची वाढावयाची आहे अशा शाळकरी मुलांच्या हाडांची टोके या द्रव्याने वेळेआधी जुळतात, व गेलेली उंची परत मिळत नाही. मुलींचा आवाज एकदा घोगरा झाला की बहुधा तसाच राहतो. शिवाय एक सुई दोघांनी वापरली तर कावीळ व एड्स यांचे विषाणू येतात, ते वेगळेच.

आता एका नव्या प्रकाराविषयी. सुयांचा फेरा संपला की व्यायामशाळेतलेच कोणी जाणते "सावरण्याच्या" गोळ्या व सुया हाती ठेवतात. त्यांत क्लोमिफीन, टॅमॉक्सिफेन व एचसीजी ही नावे येतात. ही खरी औषधे आहेत व तज्ज्ञ ती प्रसंगी देतातही. परंतु त्यांचे काम समजून घ्या. एचसीजी हा बाहेरून आणलेला मुकादम होय; तो मागांना हलवितो, पण कोठारात पुन्हा माल दिसल्याने मालक झोपलेलाच राहतो. क्लोमिफीन मालकाच्या डोळ्यांवर असा पडदा धरते की त्याला कोठार रिते भासावे व त्याने निरोप धाडावा. कोणाला, केव्हा, किती, हे रक्त तपासल्यावाचून कळत नाही. शिवाय या गोळ्यांनी दृष्टीचे विकार किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ही सारी औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयाची नाहीत. चिठ्ठीवाचून येणाऱ्या बाटलीत नेमके काय आहे, हे विकणारालाही ठाऊक नसते.

मग घराने काय करावे? पहिली गोष्ट, ओरडू नये. ओरडल्याने सुई थांबत नाही, ती लपते. दुसरी, डॉक्टरांपाशी पूर्ण खरे सांगावे: कोणते द्रव्य, किती, किती महिने, शेवटचे केव्हा. हे न सांगितल्यास रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी दिसते, आणि डॉक्टर सद्‌हेतूने तेच द्रव्य लिहून देण्याचा संभव असतो. मग कारखाना पुन्हा बंद. तिसरी, योग्य तज्ज्ञ गाठावा. अंतःस्रावांच्या विकारांचे तज्ज्ञ डॉक्टर असतात. ते मिळेपर्यंत सोलापुरातील सरकारी रुग्णालयाच्या औषधवैद्यक विभागात दाखविता येते. तपासणीत सकाळी लवकर, उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन, एलएच व एफएसएच पाहतात. शिवाय रक्ताचा दाटपणा, चरबी, यकृत, आणि गरज वाटल्यास वीर्य व हृदय यांचीही तपासणी करतात. तपासणीपूर्वी दोन-चार दिवस जड व्यायाम करू नये, कारण नुसत्या कष्टानेही यकृताचे काही आकडे वाढलेले दिसतात. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सुई सोडल्यानंतरचे सहा महिने मुलाला एकटे टाकू नये. जेवण, झोप व हलका व्यायाम चालू ठेवावा. तो फार उदास दिसला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवाही दूरध्वनीवरून मिळते.

आपल्या शहरात पत्रा तालीम, पाणीवेस तालीम ही नावे अजून रोजच्या बोलण्यात आहेत. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला तो फुगलेल्या दंडांसाठी नव्हे, तर म्हातारपणापर्यंत शाबूत राहणाऱ्या देहासाठी. तालमीत वस्ताद पोराच्या अंगावर वर्षानुवर्षे मेहनत घेई, आणि अंग सावकाशच भरावयाचे असे दोघेही धरून चालत. ती सावकाशी आज मुलांना परवडत नाही, असे आपण म्हणतो. परंतु सुईने वाचविलेली वर्षे शरीर पुढे व्याजासह वसूल करते, हे वर सांगितलेच.

माझ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दुसऱ्या खेपेस मी त्याला सुनावले नाही. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन बाकावर बसलो. रक्ताचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "याचा आळस नाही हा. याच्याजवळ सध्या काही शिल्लकच नाही." तो शब्द ऐकून त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि माझी मान खाली गेली. सावरावयास त्याला चौदा महिने लागले. त्यांतले पहिले पाच अतिशय कठीण गेले, आणि ते त्याच्या आईने निभावून नेले. छातीतील गाठ काढावी लागली. आज तो पुन्हा दुकानात आहे, सकाळी धावावयास जातो, आणि त्याचे दंड सदऱ्याच्या बाहीत मावतात. तो भेटला की पहिल्यासारखाच नमस्कार करतो. मी मात्र आता कोणा मुलाला "सोडून दे" एवढेच सांगून थांबत नाही. "सोड, आणि सोडल्यावर माझ्याकडे येत जा," असे म्हणतो.